पहारा आणि कबुली

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाशिकच्या सराफ बाजारातून चालत गेले, की पेढीपेढीवर हिशेबाच्या वह्या पाटावर मांडलेल्या दिसतात. धनाबरोबर आपण वहीलाही हळदकुंकू वाहतो. आता वहीच्या जागी संगणक आला, आणि मोठमोठ्या संस्थांतून ‘सायबर सुरक्षा’ पाहणारे अधिकारी आले. धोके हेरणे, नियम घालून देणे आणि ते पाळले जातात की नाही हे तपासणे, हे त्यांचे काम. प्रामाणिक माणसावर असा पहारा ठेवणे हा त्याचा अपमान नव्हे काय, असा प्रश्न मला पूर्वी पडत असे.

पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची. एटीएममध्ये कार्ड घातले, की ‘पैसे द्यावेत काय?’ अशी पृच्छा बँकेच्या मुख्य संगणकाकडे जायची असते. ११ ऑगस्ट २०१८ रोजी चोरट्यांनी वाटेतच एक तोतया बसवला आणि तो येईल त्याला ‘द्या’ म्हणत सुटला. बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे निघाले. दोन दिवसांनी आणखी काही कोटी हाँगकाँगला गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले, आणि तिजोरीच्या कुलपाला कोणी हातही लावला नव्हता! अशा चोरीपुढे एकट्यादुकट्याची सचोटी काय करणार? परीक्षेत प्रश्नपत्रिकांचे पाकीट फोडताना आम्ही शिक्षक मुलांच्या सह्या घेतो. त्यात आमचा अपमान नसतो. उद्या आळ आला, तर त्या सह्याच आम्हाला सोडवतात.

परंतु नुसत्या पहाऱ्याने भागत नाही. आमच्या नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात पहाऱ्याला काय तोटा? तरीही २०२१ साली तेथे ५ लाख रुपयांच्या नोटांचा हिशेब जुळेना. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. तपासाअंती कळले, की चोरी झालीच नव्हती. नोटा चुकून बाद मालात गेल्या होत्या, आणि ते वेळीच सांगण्याचे धैर्य संबंधितांना झाले नव्हते.

त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. गेल्या वर्षी शाळेच्या संगणकावर आलेले एक बनावट पत्र मी उघडले, आणि त्याने मागितला म्हणून परवलीचा शब्दही देऊन बसलो. चूक तत्काळ ध्यानात आली. तरी रात्रभर मी कोणापाशी बोललो नाही. मुलांना रोज ‘खरे बोला’ म्हणून सांगणारा मी, लोक हसतील या भीतीने गप्प राहिलो! सकाळी सांगितले, शब्द बदलला, हानी टळली. ते माझे पुण्य नव्हे. चोराचा आळस असेल.

२०२२ पासून आपल्या देशात असा घाला पडल्यास संस्थेने ६ तासांच्या आत सरकारी यंत्रणेला कळवावे, असा नियम आहे. पण ज्या कचेरीत चूक सांगणाऱ्याची चारचौघांत शोभा होते, तेथे कारकुनाला साहेबाच्या दारापर्यंत पोचायलाच सहा दिवस लागतील. म्हणून पहारेकऱ्याने नियमांची यादी करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा : माझ्यापाशी येऊन ‘साहेब, माझे चुकले’ असे म्हणण्याची सोय मी ठेवली आहे काय?

हा प्रश्न घरालाही लागू आहे. या दिवाळीत तुमच्या फोनवर मुलाचे बोट नको तेथे पडले, तर ते धावत तुमच्याकडे येईल, की फोन उशीखाली लपवील? त्याचे उत्तर मुलाच्या स्वभावावर जितके, त्याहून अधिक आपल्या स्वभावावर अवलंबून आहे.