घड्याळाची जाडी

मनगटावरचं घड्याळ जितकं मोठं तितका माणूस मोठा, अशी माझी परवापर्यंत समजूत होती. म्हणून तर एरिअर्सचे पैसे हातात पडताच मी चांगलं १३ मिलिमीटर जाडीचं ऑटोमॅटिक घड्याळ घेतलं. शर्टाची बाही त्यावरून उतरेना. सौ. म्हणाली, "हे मनगटाला बांधायचं, की मनगट याला?"

महिन्याभरात स्वारी मागे पडू लागली. एका संध्याकाळी बँकेतून येताना मी घड्याळजीमामांकडे गेलो. त्यांनी मागचं झाकण उघडलं. आत मधोमध जुन्या रुपयाएवढं मशीन आणि भोवती पांढरी प्लॅस्टिकची कड!

"मामा, ही शुद्ध फसवणूक!"

"छे हो साहेब! कड नसती तर मशीन खुळखुळलं असतं. फक्त कडेलाच मशीन समजू नये."

मग मामांनी माझी शिकवणीच घेतली. मशीनच्या रुंदीवरून जाडी ठरत नाही. स्विस ईटीएची २८२४ आणि २८९२ ही दोन्ही मशिनं २५.६ मिलिमीटर रुंद. पण पहिलं ४.६ मिलिमीटर जाड, दुसरं ३.६. शिवाय तबकडी, काटे, काटे काचेला घासू नयेत म्हणून सोडलेली फट, काच, झाकण, असे मजले चढतच जातात. पियाजेने १९५७ साली काढलेलं चावीचं ९पी मशीन अवघं २ मिलिमीटरचं होतं. त्याच कंपनीने २०१८ साली आख्खं घड्याळच २ मिलिमीटरमध्ये बसवून दाखवलं. युक्ती काय, तर मागचं झाकण हाच मशीनचा पाया! डबी निराळी, मशीन निराळं, ही भानगडच नाही.

म्हणजे आतलं आणि बाहेरचं जितकं वेगळं ठेवावं, तितकी जाडी वाढते. हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं. कारण त्याच दिवशी, ऐन नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यायला आलेल्या एका आजोबांना मी परत पाठवलं होतं. हात थरथरला, सही जुळली नाही. "नियम म्हणजे नियम!" मी गरजलो होतो. आतलं चिमुकलं मशीन तेव्हाही म्हणत होतं, 'अरे, माणूस समोर जिवंत उभा आहे की!' पण ऐकू कसं येणार? भोवती काउंटर, शिक्का आणि साहेबीची केवढी जाड कड!

कड अजिबातच नको, असं मी म्हणणार नाही. काउंटर नसतं तर मीही खुळखुळलो असतो. काटे काचेला घासू नयेत इतकी फट माणसामाणसांतही लागतेच. प्रश्न एवढाच, की बोलायचं कुणी? मशीनने की कडेने?

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांना विचारून मी फॉर्म घेऊन आजोबांच्या घरी गेलो. त्यांनी पुन्हा थरथरती सही केली. त्यांच्या मनगटावर जुनं, चपटं एचएमटी होतं. माझ्या हाताकडे बघत ते म्हणाले, "केवढं मोठं घड्याळ हो साहेब तुमचं!"

"दिसतं तेवढंच, आजोबा," मी म्हणालो. "मशीन लहानच आहे."