खोल पाणी आणि पोहरा

वाचन : नीतिसूत्रे 20:5, योहान 5:1-9



आमच्या बुऱ्हाणपुरास कोणी पाहुणा आला म्हणजे आम्ही त्यास किल्ला दाखवितो आणि मग कुंडी भंडाऱ्याकडे नेतो. अब्दुल रहीम खानखानाच्या काळी, 1615 च्या सुमारास, सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपत जाणारे पाणी भुयारांत घेऊन शहरापर्यंत आणण्याची ही योजना झाली. वाटेत विहिरीसारख्या कुंड्यांची रांग आहे. खाली उतरले म्हणजे भुयारातून पाणी वाहताना दिसते. ते कोणी बाहेरून आणून ओतलेले नाही. डोंगरात ते होतेच. कारागिरांनी त्यास वाट करून दिली.

नीतिसूत्रांत मनुष्याच्या मनातील संकल्पास खोल पाण्याची उपमा दिली आहे, आणि समंजस मनुष्य ते शेंदून वर काढतो असे म्हटले आहे. हे वचन मी पुष्कळ वर्षे शब्बाथ शाळेत शिकविले. मात्र लोकांच्या घरी गेलो म्हणजे पोहरा सोडण्याऐवजी मी विहिरीत दगडच टाकीत होतो.

आमच्या मंडळीत यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ आहेत. पाळी सुटली की घरी येण्याआधी ते दारूच्या दुकानात जात. मी त्यांच्याकडे अनेकदा गेलो आणि प्रत्येक वेळी मीच बोललो. देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, मुलांचे शिक्षण राहिले, बायकोचे हाल होतात, सर्व सांगितले. ते मान खाली घालून ऐकत आणि शेवटी म्हणत, "मास्तर, त्या खडखडाटात बारा तास उभे राहून बघा, मग बोला." मी त्यावर उत्तर देई, ते माझ्यावर उत्तर देत. वादात मी जिंकत असे, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दुकानात जात.

एका रविवारी मी त्यांना मंडळीपुढे उभे केले, पवित्र शास्त्रावर हात ठेवावयास लावला आणि दारू कायमची सोडण्याची शपथ घेवविली. सर्वांनी आमेन म्हटले. तिसऱ्या दिवशी त्यांचे हात इतके कापू लागले की कपबशी धरवेना. रात्री भिंतीवर काहीबाही दिसू लागले. बायकोने घाबरून पाव बाटली आणून दिली. ते विश्वासात दुबळे आहेत, असे मी चार जणांत बोललो. त्यांनी उपासनेस येणे बंद केले.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर शरीर असेच बंड करते, प्रसंगी जिवावर बेतते, आणि तेथे डॉक्टर लागतो, हे मला फार उशिरा कळले. माझ्या अज्ञानाचे खापर मी त्यांच्या विश्वासावर फोडले होते.

प्रियजनहो, विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1983 साली मद्यपींशी बोलण्याची एक रीत लिहून मांडली, आणि 1991 साली स्टीफन रोलनिक यांच्यासह तिच्यावर ग्रंथ लिहिला. तिला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात; आपण प्रेरक संभाषण म्हणू. व्यसनी मनुष्याच्या मनात दोन पक्ष भांडत असतात. एक म्हणतो सोडावी, दुसरा म्हणतो राहू द्यावी. आपण पहिल्या पक्षाचे वकीलपत्र घेतले की त्याला दुसऱ्याचे घ्यावे लागते. आणि मनुष्य जे स्वतःच्या तोंडून ऐकतो त्यावर त्याचा भरवसा वाढत जातो. म्हणून विचारावे, ऐकावे, ऐकलेले आरशासारखे त्याच्यापुढे धरावे. सल्ला द्यायचाच तर आधी त्याची परवानगी घ्यावी.

हे काही पदवीधर तज्ज्ञांनाच साधते असे नाही. गोव्यात 'संगाथ' संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 377 पुरुषांबाबत हे करून पाहिले. बोलणारे समुपदेशक सामान्य स्थानिक माणसे होती. त्यांना शिकवून तयार केले होते, आणि भेटी फार तर चार. 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला. तीन महिन्यांनी, अशी भेट मिळालेल्यांपैकी शेकडा 36 जणांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले. न मिळालेल्यांत हे प्रमाण 26 होते. मागील 14 दिवसांत थेंबही न घेतलेले शेकडा 42 होते, दुसऱ्या गटात 18. चमत्कार नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो. शिवाय ही माणसे अपायकारक पिणारी होती. ज्यांचे शरीर दारूवाचून चालतच नाही अशांना त्यात घेतले नव्हते.

आता बेथेसदाच्या तळ्याकडे चला. अडतीस वर्षे आजारी असलेल्या त्या मनुष्याला प्रभूने प्रथम काय म्हटले? बरे होण्याची तुझी इच्छा आहे काय, असे विचारले. इतक्या वर्षांच्या दुखणाइतास हे काय विचारणे! आणि उत्तरही पाहा. तो "होय" म्हणत नाही; मला पाण्यात सोडणारा कोणी नाही, अशी सबब सांगतो. मी असतो तर सबब खोडून काढली असती. प्रभूने ती ऐकून घेतली.

कोणी म्हणेल, मग पापाला पाप म्हणावयाचे नाही काय? म्हणावयाचे. नाथान संदेष्ट्याने दाविदाला म्हटले. पण आधी एका गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगून त्याने न्याय दाविदाच्याच तोंडून वदविला. शब्बाथ शाळेतील शिक्षकांनी, मुलाच्या खिशात गुटख्याची पुडी सापडेल तेव्हा, हा अध्याय (2 शमुवेल 12) आठवावा. पुडीने तुला काय बरे वाटते, एवढेच आधी विचारून पाहावे.

गेल्या वर्षी मी त्या गृहस्थांकडे पुन्हा गेलो. प्रथम क्षमा मागितली. मग विचारले, "दारू सोडावी असे तुम्हाला शून्य ते दहात किती वाटते?" ते म्हणाले, "चार." पूर्वीचा मी असतो तर "चारच का?" म्हणून तुटून पडलो असतो. मी विचारले, "चार का? एक का नाही?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "धाकटी मला हिशेबाची वही दाखवायला येते, अन् मी प्यालेला दिसलो की दारातून परत जाते. मला तिची वही बघायची आहे, मास्तर." हे कारण माझ्या एकाही उपदेशात नव्हते.

दोन दिवसांनी ते स्वतःच सरकारी दवाखान्यात जायचे म्हणाले. त्यानंतर दोनदा घसरले आहेत, आणि दोन्ही वेळा आपणहून सांगावयास आले. पहिल्या दिवशी चिठ्ठीच्या रांगेत आम्ही तासभर उभे होतो. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "मास्तर, आज तुम्ही काहीच बोलत नाही?" मी म्हटले, "तुमचे ऐकतोय." ते हसले, आणि वहीतल्या बेरजांविषयी सांगू लागले.