ठेवीचा पैसा

नोएडाच्या ७३ व्या सेक्टरात तेल उद्योग विकास मंडळाची इमारत आहे. बाहेरून पाहता तीत विशेष असे काही नाही. दिल्लीच्या आसपास अशा इमारती शेकड्यांनी सापडतील. परंतु या मंडळाच्या हिशेबात एक नैतिक प्रश्न दडून बसला आहे, आणि आम्हां कारकुनी पेशाच्या लोकांस तरी तो टाळता येण्याजोगा नाही.

१९७३ च्या अखेरीस जगात तेलाची किंमत काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाली. आमच्यासारख्या देशाने स्वतःचे तेल शोधावे तर त्यास भांडवल कोठून आणावे? परदेशी कंपन्या येत, त्या स्वतःच्या अटींवर. जागतिक बँकेने तेलाच्या उत्पादनासाठी हात सैल केला तो १९७७ साली. म्हणजे मुंबई हायचे तेल १९७६ मध्ये वाहू लागल्यानंतर! विहिरीस पाणी लागल्यावर दोर देऊ करणारे सज्जन जगात नेहमीच भेटतात. तेव्हा १९७४ साली संसदेने कायदा करून देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर उपकर बसविला. हेतू स्वच्छ होता: तेलाने तेलाचा खर्च भागवावा. प्रारंभी दर टनास ६० रुपये असलेला हा उपकर २०१२ साली ४५०० रुपयांवर गेला आणि २०१६ मध्ये किमतीच्या २० टक्के ठरला.

या उपकरातून आजवर एक लाख कोटींहून अधिक रुपये जमा झाले. मंडळाच्या हाती त्यांपैकी किती पडले? १९९१-९२ पर्यंत ९०२ कोटी ४० लाख. त्यानंतर काही नाही. बाकी सारे देशाच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळून गेले.

यात बेकायदा काही झाले नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. कायद्याच्या १६ व्या कलमाप्रमाणे सरकार आपणांस योग्य वाटेल तेवढी रक्कम मंडळास देऊ ‘शकेल’. ‘देईल’ नव्हे. या दोन क्रियापदांतील अंतर किती, हे ज्यांनी सचिवालयात मसुदे लिहिले आहेत त्यांस आम्ही काय सांगावे?

प्रतिपक्षही दुबळा नाही. तिजोरी एकच असते. शाळा, दवाखाना, धान्य यांची निकड असता पैसा भूगर्भासाठी अडकवून ठेवणे हाच अधर्म, असे कोणी म्हटल्यास त्यास निरुत्तर करणे आम्हांस साधणार नाही. आमच्या वसाहतीतील गणेशोत्सवाच्या वर्गणीतून एकदा एका आजारी सभासदाच्या औषधपाण्यास रक्कम दिली गेली. कोणी हरकत घेतली नाही. पण ती देण्यापूर्वी सभा बोलावली होती, आणि पुढच्या वर्षीच्या पावतीवर ‘साहाय्यनिधी’ असा वेगळा रकाना छापला होता. पैसा वळला यापेक्षा तो कोणत्या नावाने वळला, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

आमच्या पूर्वजांनी याचा अनुभव घेतला आहे. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळल्यावर लिटनच्या सरकारने पुढील दुष्काळांसाठी निधी म्हणून व्यापाऱ्यांवर परवाना-कर बसविला. त्यावरून सुरतेस दंगाही झाला. लगेच अफगाण युद्ध उभे राहिले, दुष्काळाचा पैसा तिकडे गेला, आणि कर तेवढा राहिला. पुढे कित्येक वर्षे आमचे पुढारी त्या निधीची आठवण सरकारास देत राहिले. युद्धासाठी कर हवा असे सरकार उघड म्हणते, तर लोक कदाचित नाराज झाले असते. फसविले गेलो असे मात्र त्यांस वाटले नसते.

त्या ९०२ कोटींनी मात्र वाईट चाकरी केली नाही. मंडळाने ते तेल कंपन्यांस कर्जाऊ दिले, व्याज साठविले, आणि मुख्यत्वे त्याच पैशातून विशाखापट्टणम्, मंगळूर व पाडूर येथे खडकात कोठारे कोरली गेली. त्यांत ५३ लाख टनांहून थोडे अधिक तेल मावते.

तेव्हा एकतर उपकरावरील ‘विकासा’चे नाव पुसून त्यास सरळ कर म्हणावे, नाहीतर १६ व्या कलमातील ‘शकेल’ बदलावे. दोहोंपैकी काहीही झाले तरी आमची तक्रार नाही. दुरुस्तीचा मसुदा पुरते एक पानही भरणार नाही.