रापण कोणी ओढली?

‘मियां केलंय’ असे आम्ही मालवणकडची माणसे दिवसातून किती वेळा म्हणतो त्याची गणती नाही. ते कितपत खरे, हे रापणीच्या दोरापाशी नीट कळते. देवबाग-मालवणच्या किनाऱ्यावर आता रापणी पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, तरी ज्याने एकदा ओढली त्याला सांगायला नको. होडी जाळे सोडीत समुद्रात फेर घेते, आणि मग वाळूवर दोन्ही टोकांना माणसे दोराला लागतात.

त्यातल्या एकाचा हात पाहा. दंडाच्या पुढचा स्नायू वर खवाट्याच्या हाडाला अडकलेला. खाली कंडरेने, म्हणजे चिवट पांढऱ्या दोरीने, कोपराच्या जरा पुढे अंगठ्याकडच्या हाडाला बांधलेला. तो आखडला की कोपर वाकतो, दोर छातीकडे येतो. ही गाठ कोपराच्या अगदी जवळ. म्हणून तळहातावर १ किलो तोलायला त्या बिचाऱ्याला ७-८ किलोंचा ओढा द्यावा लागतो.

खरी मौज पुढेच आहे. स्नायूला ओढता येते, ढकलता येत नाही! मग हात पुन्हा सरळ कसा होतो? दंडामागचा दुसरा स्नायू कोपराच्या टोकाला ओढतो, आणि त्या वेळी पहिल्याने ढिले पडायचे असते. दोघेही ताठले तर हात काठीसारखा राहील, दोर तसूभर हलणार नाही. तेव्हा जो ढिला पडला त्याने काहीच केले नाही असे म्हणायचे काय?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव. माउलींनी ती ज्ञानेश्वरीत उलगडून दाखविली. एकट्या आपल्यालाच कर्ता मानणाऱ्याची बुद्धी तिथे कच्ची ठरते. रापणीवाल्याला हे पोथीवाचून ठाऊक असते. मासळी आली तर वाटे सगळ्या ओढणाऱ्यांचे पडतात.

यावर एखादा बुवा म्हणेल, ‘मग दारू पिऊन बायकोवर पडला तो हातही माझा नव्हे.’ हे मात्र आम्ही ऐकून घेणार नाही. मज्जातंतूवाटे हुकूम आल्यावाचून तो स्नायू आखडला नाही, आणि पाचांत कर्ता आहेच. चांगले झाले की पाची वाटे आपले. वाईट झाले की एकही नको, तेव्हा दैव आठवते, विठ्ठल आठवतो. घरातल्या त्या बाईने मग जाब कोणाला विचारावा, कोपराच्या हाडाला?