आपल्याच स्वराची नक्कल

जो गायक कोणा कंपनीचा बांधील नाहीं, ज्याचें गाणें त्याचें स्वतःचें आणि खर्चही त्याच्याच खिशांतला, त्याला हल्लीं गाण्याबरोबर त्याची चित्रफीतही करावी लागते. चित्रावांचून गाणें यूट्यूबवर कोणी उघडीत नाहीं, असें त्याला सर्वजण सांगतात. मग तो आधीं ध्वनिमुद्रण करितो आणि नंतर कॅमेऱ्यापुढें उभा राहून त्या मुद्रित स्वराबरोबर ओठ हलवितो. दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलविणें हें सोंग होय, याविषयीं वाद नाहीं. परंतु स्वतःच्याच आवाजाची नक्कल करणें हें असत्य आहे काय? प्रश्न क्षुल्लक दिसतो. आम्हांस तो तसा वाटत नाहीं.

कोल्हापुरांत तरी तो उपरा नाहीं. १९२९ सालीं येथेंच प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि पुण्यास जाण्यापूर्वीं, १९३२ सालीं, तिनें ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढिला. त्यांत हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे; चालीही त्यांच्याच. पार्श्वगायनाची युक्ति आपल्या देशांत १९३५ च्या सुमारास आली. तोंवर नटास कॅमेऱ्यापुढें प्रत्यक्ष गावें लागे आणि वादक चौकटीबाहेर बसून साथ करीत. टेंब्यांचा राजवेष खोटा होता, पण गळा खरा होता. आज राजारामपुरीच्या एखाद्या गल्लींत चित्रफीत करणारा तरुण स्वतःच्या नांवानें, स्वतःच्या कपड्यांत उभा असतो. त्याचें सारें खरें, गळा तेवढा मुका.

यांत फसवणूक कोणाची? श्रोत्याची म्हणावी, तर त्याला सारें ठाऊक असतें. रंगभूमीवरच्या राजाला कोणी मुजरा करावयास जात नाहीं. आमच्या मतें अपराध घडतो तो गाण्याचा. तान घेण्यापूर्वीं छाती भरते, वरच्या षड्जावर मानेची शीर ताणते, समेवर येतांना चेहऱ्यावर क्षणभर चिंता उमटते. या गोष्टी गायक दाखवीत नाहीं, त्या घडतात. ओठ हलवितांना त्या घडत नाहींत, म्हणून दाखवाव्या लागतात, आणि दाखवितांना तो साहजिकच गोड तेवढ्या निवडतो. श्रम गाळलेला असा चेहरा शंभर वेळां पाहिल्यावर श्रोत्याला मैफलींतला घामेजलेला चेहरा कुरूप वाटूं लागतो. हें नुकसान लहान नाहीं.

“मग प्रत्यक्ष गाऊनच चित्रण करा,” असा उपदेश करणें सोपें आहे. ज्याच्यापाशीं एक मायक्रोफोन आणि रस्त्यावरची एक खोली, त्याच्या प्रत्येक अंतऱ्यांत मोटारसायकलचा हॉर्न शिरणार. दहा वेळां फसून अकराव्या वेळीं साधलेली ओळ ही त्याची प्रामाणिक कारागिरी आहे. ती त्यानें कां टाकावी?

एक वाट बॉब डिलननें १९६५ सालीं दाखविली. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलामागील गल्लींत, गाण्यांतले शब्द लिहिलेले फलक हातांत घेऊन तो उभा राहिला आणि गाणें चालू असतां एकेक फलक टाकीत गेला. ओठ त्यानें हलविलेच नाहींत. तें चित्र लोक अजून विसरले नाहींत. गाण्याचें सोंग न करितां तो आपल्याच गाण्याशेजारीं नुसता उभा राहतो.

ती गल्ली कांहीं सुंदर नव्हे. राजारामपुरींतल्या, केवळ क्रमांकानें ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या तिच्याहून खचित वाईट नाहींत. परंतु आमचे तरुण मित्र भाड्याची मोटार आणतात, ड्रोन उडवितात आणि रंकाळ्यावरचा सूर्यास्त टिपतात. (हा बिचारा सूर्यास्त इतक्या गाण्यांना जोडला गेला आहे कीं तो आतां कोणत्याच गाण्याचा राहिलेला नाहीं.) ज्याच्यावर मालक नाहीं त्यानें मालकाच्या थाटाची उसनवारी कां करावी, हें आम्हांस उमगत नाहीं. गाणें आईवर रचलेलें असेल तर आई तें प्रथमच ऐकत असतांना कॅमेरा तिच्यासमोर ठेवावा. तो चेहरा एकदांच मिळतो, त्याची तालीम होत नाहीं. मात्र ऐकतां ऐकतां तिचे डोळे भरून आले, तर तें चित्र लोकांपुढें जावें कीं नाहीं, हें त्या माउलीला आधीं विचारावें. आणि ती नको म्हणाली तर गाणें चित्रावांचूनच जाऊं द्यावें.