तळहाताआडचा उजेड

रविवारी सकाळी आमच्या इमारतीतली पाच-सहा मुलं माझ्याकडे गोष्ट ऐकायला येतात. सगळी पाच ते आठ वर्षांची. एका रविवारी पुस्तक बाजूला ठेवून मी त्यांच्यासमोर एक चित्र ठेवलं, सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’. नाव ठाऊक नसलं तरी चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असतं, कुठल्याशा जुन्या कॅलेंडरवर किंवा कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत. साडी नेसलेली एक बाई, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा त्याला आडोसा.

आणि मग मी बोलायला लागले. हळदणकर 1882 साली सावंतवाडीत जन्मले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, 1908मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रसंस्था काढली, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि ते राजा रविवर्म्याचंच आहे असं कितीतरी लोक समजतात. सगळं खरं होतं, पण यातलं एकही वाक्य त्या मुलांनी मागितलेलं नव्हतं. थोड्याच वेळात एक जण चटईच्या काड्या उपसायला लागला. बाकीची गुणी मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. चित्राकडे कुणाचीच नजर नव्हती, आणि ती मीच वळवून घेतली होती.

पुढच्या रविवारी तेच चित्र पुन्हा मांडलं. या वेळी एवढंच विचारलं, “काय काय दिसतंय?” आणि गप्प बसले. हे गप्प बसणं फार अवघड असतं. चित्रसंग्रहालयात आपण मोठी माणसं आधी खालची पाटी वाचतो आणि नंतर वर बघतो. नाव, साल कळलं की चित्र कळलं असं वाटतं आणि पाय पुढच्या चित्राकडे वळतात. लहान मुलाला पाटी वाचता येत नाही, म्हणून ते सरळ चित्राशी जाऊन भिडतं.

“बाई.” “दिवा.” “साडी गुलाबी आहे.” “नाही, जांभळी.” यावर बराच वाद झाला. मी मध्ये पडले नाही. शेवटी दोघं चित्राला नाक लावून उभी राहिली आणि त्यांनीच निवाडा केला, दिव्याजवळ गुलाबी आणि लांब गेल्यावर जांभळी. एकच साडी दोन रंगांची कशी, हे पुढे त्यांना रंगपेटी घेऊन बसल्यावर कळेलच. ती तशी असते, हे त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मग त्यांच्यातली सगळ्यांत धाकटी म्हणाली, “वारा सुटलाय.”

मी चित्राकडे पुन्हा पाहिलं. इतकी वर्षं हे चित्र माझ्या ओळखीचं, पण त्यात वारा आहे हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. “कशावरून?” विचारल्यावर तिने उत्तर दिलं नाही. उठून उभी राहिली, एका हाताची मूठ पुढे धरली आणि दुसरा तळहात तिच्यासमोर आडवा केला. दिवाळीत दारातली पणती जिन्याच्या कठड्यापर्यंत नेताना ती असाच हात धरत असणार. क्षणात सगळी मुलं तशी उभी राहिली, हातात नसलेले दिवे सांभाळत घरभर हळूहळू चालायला लागली. कुणाचेही पाय वाजत नव्हते. रसग्रहण हा शब्द मी आयुष्यात पुष्कळदा वापरला आहे, तो एवढा शब्दशः घडताना मात्र पहिल्यांदाच पाहिला.

एकाला वेगळीच शंका होती. “ज्योत कुठेय?” ज्योत हाताआड आहे. दिसतो तो तिचा उजेड, चेहऱ्यावर पडलेला आणि बोटांतून झिरपणारा. मी टॉर्च आणला, पडदे ओढले आणि एकेकाच्या तळहाताखाली लावला. बोटं आतून लालभडक झाली. किंचाळणं, हसणं, “माझी बघ, माझी बघ!” आणि मग सगळी पुन्हा चित्राकडे धावली, तिची बोटं तपासायला. तीही पेटलेली होती.

आता प्रश्न त्यांच्याकडून यायला लागले. “कोण आहे ती?” त्या वेळी मी सांगितलं, ती चित्रकाराची मुलगी, गीता. आधीच्या रविवारी ज्या माहितीला कुणी हात लावला नव्हता, तिला आता जागा मिळाली. चित्र 1945-46च्या सुमाराचं. गीताबाई पुढे कोल्हापूरला राहिल्या, 2018मध्ये गेल्या, तेव्हा त्या 102 वर्षांच्या होत्या.

“मग चित्रातली पण म्हातारी झाली?”

यावर मला उत्तर सुचलं नाही. मुलंच थोडा वेळ बघत राहिली. एक जण म्हणाला, “नाही, ती तशीच आहे.”

चित्र जलरंगातलं आहे. जलरंगात उजेड दाखवायचा तर शक्यतो पांढरा रंग लावत नाहीत. कागदाचाच पांढरेपणा राखायचा, त्यावर रंगाचा हात अगदी पातळ फिरवायचा किंवा फिरवायचाच नाही. एकदा तिथे गडद रंग गेला की पहिला कोरेपणा परत मिळत नाही. मी मुलांना एवढंच सांगितलं की, जिथे उजेड हवा तिथे कागद सोडून द्या. मग कागद, ब्रश आणि पाण्याचे पेले वाटले.

अर्ध्या तासात बहुतेकांचे दिवे काळ्या-निळ्या रंगात बुडाले. दोघांनी सवयीने पिवळा सूर्य काढला आणि मागे दोन डोंगर. मी कुणाचाही कागद सुधारला नाही. त्या धाकटीने मात्र मधोमध बोराएवढी जागा सोडली होती आणि तिच्या कडेकडेने ती जांभळा रंग जपून फिरवत होती. शेजारच्याच्या ब्रशमधून पाणी टपटपत होतं. तिने मान वर केली नाही. उजव्या हाताने रंग चालूच ठेवला आणि डावा तळहात त्या कोऱ्या जागेवर आडवा धरला.