कोंबडी कोणाची, दान कोणाचे?

हंगामाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी प्रभूच्या मेजापुढे जोंधळ्याची कणसे, भोपळे, टोपलीभर अंडी व पाय बांधलेली एखादी तलंग आणून ठेवण्याची चाल आमच्या खेड्यांतील पुष्कळ मंडळ्यांत आहे. उपासना आटोपली म्हणजे ह्या जिनसांचा लिलाव होतो व आलेली रक्कम मंडळीच्या वहीत जमा होते. ही जमा बहुधा घरधन्याच्या नावावर मांडतात. येथे एक प्रश्न उत्पन्न होतो, त्याचा वाचकांनी आमच्याबरोबर विचार करावा अशी विनंती आहे. ती तलंग कोणाची होती? आणि तिचे दान कोणी केले?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु न्याय व अन्याय ही वस्तूच्या किमतीवरून ठरत नसतात.

गावच्या घरात कोंबड्यांचे कोण करते ते सर्वांस ठाऊक आहे. कोंबडी खुडूक झाली की टोपलीत भुसा घालून तिच्याखाली दहाबारा अंडी ठेवणे, २१ दिवस तिच्या दाण्यापाण्याची काळजी वाहणे, पिले निघाल्यावर घारीपासून व मुंगसापासून ती राखणे, सांजवेळी मोजून खुराड्यात कोंडणे, ही सर्व कामे घरच्या बाईची. मानमोडीची साथ आली तर एका आठवड्यात खुराडे ओस पडते, आणि तिला पुन्हा एका अंड्यापासून आरंभ करावा लागतो. आपली देशी कोंबडी वर्षाकाठी ५०-६० अंडी देते, फार नाही. तेवढ्यांतूनच काही मुलांच्या मुखी पडतात, काही उबवणीस जातात, आणि उरलेली विकून मीठ, काड्यापेटी, मुलाची वही ह्यांची सोय होते. शेताचा पैसा धन्याच्या हाती व मजुरीचा पैसा सावकाराच्या हाती जातो. ज्या पैशाचा हिशेब कोणी मागत नाही असा तिजपाशी एवढाच.

आमच्या आजीच्या पदराला अशा पैशांची एक गाठ असे. आमच्या वडिलांची पहिली पाटी त्या गाठीतून आली, असे ते नेहमी सांगत. घरी कोणी उपदेशक आला म्हणजे आजोबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन हळूच विचारीत, "आज काय करता येईल?" कधी आजी म्हणे, "कोंबडी करू", कधी म्हणे, "आज पिठले." जे ती म्हणे ते होई, आणि पाहुणाही दोन्ही सारख्याच आनंदाने खाई. आजोबांनी स्त्रियांच्या हक्कांवर काही वाचले नव्हते. दाराशी उभे राहून विचारणे एवढेच त्यांना ठाऊक होते.

पण पुष्कळ घरी असे होत नाही. धनी ओसरीवरूनच आज्ञा करतो, "पाळकसाहेब आले आहेत, कोंबडी कापा." अंड्यावर आलेली कोंबडी जाते, धन्यास आतिथ्याचा मान मिळतो, आणि जिची गाठ सुटली ती चुलीपुढे मसाला वाटीत बसते. "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र" अशी आपल्यांत म्हण आहे. हलवाई परका असतो म्हणून ती लबाडी लोकांस दिसते. बायको घरची असते म्हणून दिसत नाही, इतकाच भेद. नाथान संदेष्ट्याने दावीद राजास जो दृष्टांत सांगितला त्यातील श्रीमंताने पाहुण्याचा सत्कार केला, ह्यात दोष नव्हता. ज्या मेंढीला गरिबाने लेकीप्रमाणे वाढविले ती घेऊन त्याने सत्कार केला, हा दोष.

कोणी म्हणेल, पतिपत्नी एकदेह आहेत. मग तुझे व माझे हा भेद कशाला? आम्ही विचारतो, एकदेह असता एकाने ठरवावे आणि दुसऱ्यास सुरीला धार लावताना कळावे, हे कसे? ऐक्य विचारण्याने प्रगट होते, गृहीत धरण्याने नव्हे. सरकारी कायदाही येथे मुका नाही. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने, पत्नी जो उद्योग पतीवाचून स्वतः चालविते त्याची मिळकत तिची स्वतंत्र मालमत्ता ठरविली आहे. आणि तो कायदा आम्हां ख्रिस्ती लोकांस लागू आहे. जे न्यायाधीश जाणतो ते मंडळीने न जाणावे काय?

दुसरी शंका अशी की, बायांस विचारीत बसल्यास दाने कमी होतील. ही भीती शास्त्रास ठाऊक नाही. एलीयाने सारफथच्या विधवेजवळ भाकर मागितली ती तिच्याचजवळ मागितली, आणि मूठभर पिठातून तिने दिली. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणारी विधवाही आपल्याच हाताने देणारी होती. आणि समजा, दाने कमी झाली. तरी ज्यास आपणांस काही वेचावे लागले नाही असे अर्पण दावीदाने अरवनाच्या खळ्यावर नाकारले, हे आपण विसरू नये.

आम्हां पाळकांचेही ह्यात कर्तव्य आहे. पुढे वाढलेले अन्न नाकारणे म्हणजे गरिबाच्या प्रेमाचा अपमान होय. प्रभूने शिष्यांस पाठविताना पुढे येईल ते खाण्यास सांगितले. म्हणून जे बोलावयाचे ते सुरी लागण्यापूर्वी बोलावे. गावी जाण्याआधीच निरोप धाडावा की भाजीभाकर आम्हांस पुष्कळ झाली. जेथे मूल अंड्याकडे पाहत उंबऱ्यावर बसले आहे, तेथे पाहुण्याच्या ताटातील अंडे धर्माचे कसे होईल?

तेव्हा बंधूंनो, तीन लहान गोष्टी करा. कोंबडी धरण्यापूर्वी जिची आहे तिला विचारा, आणि "नाही" हे उत्तरही आनंदाने घ्या. मंडळीच्या वहीत देणारीचे नाव स्पष्ट लिहा. आणि भगिनींनो, तुमचे दान तुम्ही स्वतःच्या हाताने मेजापुढे आणून ठेवा.

कोंबडी आपली पिले पंखांखाली गोळा करिते, तसे यरुशलेमेच्या लेकरांस एकवटावे अशी आपली इच्छा प्रभूने बोलून दाखविली. राजाने आपणास कोंबडीची उपमा द्यावी, हे नवल आहे. पण त्या उपमेचा अर्थ क्रूसावर उघड झाला. त्याने परक्याचे काही दिले नाही. जे दिले ते स्वतःचे, आणि स्वतःला दिले. त्याच्या मेजापुढे आपणही जे आपले तेच आणू या.